वैशाखातले पक्षी: बेळगाव भागात कोण निघालं, कोण आलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी अनगोळला राहते. गेल्या हिवाळ्यात पक्षी बघायला लागले. आता एप्रिल संपत आला, पाहुणे पक्षी गेले असं सगळे म्हणतात. पण परदेशातले व्हिडिओ बघितले तर एप्रिल-मे म्हणजे स्थलांतराचा ऐन बहर. मग आपल्याकडे काहीच का दिसत नाही? की मलाच दिसत नाही? सुट्टीच्या दिवशी फार लांब न जाता काय बघावं, कुठं बघावं आणि नोंद कशी ठेवावी?"

दिसतं की! फक्त व्हिडिओत बघितलं तसलं काही शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. युरोप-अमेरिकेत वसंतात पक्षी येतात. विणीसाठी येतात, म्हणून नटून येतात, गात येतात आणि दोन-तीन आठवड्यांत लोंढ्यानं येतात. आपण त्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला आहोत. आपल्याकडे वसंतात पक्षी जातात, आणि जाणारा बोभाटा करत नाही. बहुतेक छोटे पक्षी रात्री निघतात. आज सकाळी घाणेरीच्या कुंपणात होता, उद्या नाही, एवढंच आपल्याला कळतं. लग्नघरातले पाहुणे एकेक करून पिशवी उचलतात आणि चौथ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं की घर रिकामं झालं, तसं हे चालतं. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ही पांगापांग सुरू असते. ती संपते न संपते तोच वळीव पडतो आणि पावसावर वीण करणारे पक्षी पश्चिमेकडे हजर व्हायला लागतात. तेव्हा वैशाखात बघायचं ते हे: कोण कधी गेलं आणि त्याच्या जागी कोण आलं.

जागा निवडायच्या आधी जिल्हा कसा आहे ते लक्षात घ्या. सीमा म्हटलं की आपल्याकडे वेगळाच विषय निघतो, तो इथं नको. पक्ष्यांची सीमा पावसाची आहे. ढोबळमानानं पुणे-बेंगळूर महामार्ग ही ती रेघ समजा. पश्चिमेला खानापूर तालुका, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. हा मलनाड, म्हणजे डोंगर-रानाचा, भरपूर पावसाचा मुलूख. कणकुंबी-आमगावला वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणी. काळी जमीन, जोंधळा, हरभरा, ऊस. अथणीकडे पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, बरोबर या दोन्हींच्या सांध्यावर. त्यामुळे सकाळी येळ्ळूरच्या शिवारात माळरानाचे पक्षी आणि दुपारच्या आत जांबोटीच्या पुढं रानातले, असं एका दिवसात करता येतं. अशी सोय फार कमी गावांना आहे. पण सोय आहे म्हणून दर रविवारी नवीन जागा धुंडाळत हिंडू नका. त्याचं कारण पुढं सांगतो.

आधी जाणाऱ्यांचा क्रम. तलवार बदक, थापट्या, पट्टकदंब हंस ही मंडळी मार्चअखेरपर्यंत बहुतेक निघून जातात. कांड्या करकोचेही तेव्हाच. बदकांत सगळ्यात उशिरापर्यंत रेंगाळतो तो भुवई बदक; एप्रिलमध्ये आटत्या तळ्यात बदकं दिसली आणि ती हळदीकुंकू बदकं किंवा अडया नसतील तर आधी नराच्या डोळ्यावरची पांढरी भुवई शोधा. करडा धोबी, काळा थिरथिरा, राखी कोतवाल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात विरळ होतात. भोवत्या ससाणे त्याच्याही आधी माळ सोडतात. हे सगळे तुमच्या प्रश्नाच्या आधीच गेलेत, त्यामुळे त्यांच्यावर फार बोलत नाही.

भोरड्यांचं मात्र बघण्यासारखं आहे. पुस्तकातलं नाव गुलाबी मैना किंवा पळस मैना, पण जोंधळ्याच्या पट्ट्यात भोरड्याच म्हणतात, आणि गोफण घेऊन त्यांना हाकलण्यात ज्यांचं लहानपण गेलंय ते या पक्ष्याबद्दल फार प्रेमानं बोलत नाहीत. हिवाळ्यात त्या मळकट दिसतात. फेब्रुवारीत सावर, पळस, पांगारा फुलला की मकरंदासाठी झाडावर तुटून पडतात, चोचीच्या मुळाशी पराग माखलेला असतो. एप्रिलमध्ये पिंपळाला, वडाला फळं लागली की थवा तिकडं वळतो. याच वेळी एखादा थवा दुर्बिणीतून नीट बघा. पाठीचा आणि पोटाचा रंग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ गुलाबी झालेला असतो, डोक्यावरची काळी शेंडी लांब झालेली असते, आणि काळ्या पिसांवर ऊन पडलं की जांभळट चमक मारते. पिसं नवीन आलेली नसतात. हिवाळाभर पिसांच्या टोकाला असलेली मळकट कड झिजून गेलेली असते आणि आतला रंग उघडा पडलेला असतो. थव्यातच काही पक्षी तपकिरी, फिकट चोचीचे दिसतील. ती गेल्या वर्षीची पिल्लं. हे पक्षी इथून कझाकस्तान आणि त्याच्या आसपासच्या गवताळ मुलखात जातात, तिथं मे-जूनमध्ये दगडांच्या कपारीत वसाहतीनं घरटी करतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये भारतात परतायलाही लागतात. म्हणजे गावाकडं तीन महिने आणि बाकीचं वर्ष आपल्याकडं. पाहुणा नेमका कुठला म्हणायचा हा प्रश्नच आहे. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थवे झपाट्यानं कमी होतात. तुमच्या घराजवळ पिंपळ असेल तर रोज संध्याकाळी पाच मिनिटं द्या, तेवढं पुरतं.

माळभिंगऱ्या तारांवर ओळीनं बसतात ते मार्च-एप्रिलमध्ये. हिवाळ्यात या भिंगऱ्या पिसं बदलतात आणि निघायच्या वेळेपर्यंत शेपटीच्या दोन लांब काड्या पुन्हा भरून आलेल्या असतात. तारेवरच्या ओळीत लांब काड्यांच्या किती आणि आखूड शेपटीच्या किती हे मोजून ठेवा. नुसत्या संख्येपेक्षा त्यातून जास्त कळतं. चिकोडी-हुक्केरीकडं नातेवाईक असतील तर संध्याकाळी उसाच्या फडावर लक्ष ठेवायला सांगा. भिंगऱ्या रात्रीच्या मुक्कामाला उसात उतरतात आणि अंधार पडायच्या आधी फडावर घिरट्या घालतात. तारवाली भिंगरी आणि लालबुडी भिंगरी मात्र इथल्याच. पुलाखाली चिखलाचं घरटं बांधत असलेली भिंगरी 'उशिरा राहिलेला पाहुणा' म्हणून लिहू नका.

पिवळा धोबी हा तर खास वैशाखातला विषय. हिवाळ्यात सगळे सारखेच धुरकट दिसतात. एप्रिलमध्ये नरांची छाती लिंबासारखी पिवळी होते आणि डोक्याचा रंग खुलतो: कुणाचं निळसर राखी, कुणाचं गडद राखी, कुणाचं काळं कुळकुळीत. ही डोकी म्हणजे वेगवेगळ्या उपजाती, वेगवेगळ्या मुलखातून आलेल्या. आपल्याकडे त्या ओळखायची संधी या तीन-चार आठवड्यांतच मिळते. बळ्ळारी नाल्याच्या काठानं वडगाव-येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला, जिथं भाजीला पाणी सोडलेलं असतं तिथं सकाळी साडेसहा ते आठ या वेळात हे धोबी चिखलातले किडे टिपताना सापडतात. नाल्याच्या वासाची तयारी ठेवा. भाताची काढणी होऊन मसूर-वाटाणाही निघालेला असतो, त्यामुळे बाकी शिवार कोरडं असतं आणि पक्षी ओलाव्याला गोळा होतात. तुम्हाला शोधावं लागत नाही. शेतकरी "काय बघूलालासा?" म्हणून विचारणारच. सांगा त्यांना. कुठल्या वाफ्यात पाणी कधी सोडणार हे त्यांच्याइतकं नेमकं तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही.

वटवट्यांची गोष्ट कानाची आहे. हिरवट पर्णवटवट्या आंब्याच्या शेंड्यात असतो, दिसत नाही, पण हिवाळाभर त्याचा 'चिवीट' ऐकू येतो. व्हॅक्सिन डेपोतल्या जुन्या झाडांखाली किंवा कॅम्पातल्या रस्त्यांवर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं आहे की नाही. ब्लिथचा बोरू वटवट्या खाली, घाणेरीत आणि कुंपणात. त्याचा आवाज दोन खडे आपटल्यासारखा 'चक्, चक्'. एप्रिलच्या शेवटी याच्याकडून वेगळंच काहीतरी ऐकू येतं. झुडपाच्या आतून, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखं गाणं: एक फिरत, तीच पुन्हा, मग मध्येच दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल, मग पुन्हा 'चक्'. पाच-सहा फुटांवर उभे असलात तरच ऐकू येईल इतकं बारीक. विणीच्या गाण्याचा हा रियाज. तो ऐकलात तर त्या कुंपणाकडं पुढचे आठ-दहा दिवस रोज जा. पक्षी निघायच्या बेतात असतो. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा ही दोघांची जायची वेळ.

आता नोंदीचं. सगळ्या उत्तरात हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

पक्षी पहिल्यांदा दिसला तो दिवस त्याच दिवशी कळतो. शेवटचा दिसला तो दिवस नंतर कळतो. ३० एप्रिलला तुम्हाला पिवळा धोबी दिसला आणि त्यानंतर तुम्ही तिकडं फिरकलाच नाहीत, तर '३० एप्रिल' ही धोबी जायची तारीख ठरत नाही, तुमच्या जायची ठरते. म्हणून शेवटच्या तारखेला किंमत येते ती तिच्यानंतरच्या रिकाम्या फेऱ्यांमुळं. २, ५, ८ मेला त्याच वाफ्यावर, त्याच वेळी, तेवढाच वेळ थांबलात, धोबी नव्हता, आणि 'नव्हता' असं लिहून ठेवलंत, तर मग ३० एप्रिल खरी. लोक नेमकं हेच लिहीत नाहीत. काही दिसलं नाही तर वही उघडतच नाहीत.

नव्या जागा धुंडाळू नका म्हटलं ते यासाठी. अनगोळहून चालत किंवा स्कूटरवर जाता येईल अशी एक वाट ठरवा. तिच्यावर तीन-चार थांबे: एक ओला, एक जुन्या झाडांचा, एक कुंपणाचा, एक उघड्या माळाचा. प्रत्येक थांब्यावर पंधरा मिनिटं. आठवड्यातून दोन सकाळी, उजाडताना म्हणजे सहाच्या सुमारास सुरुवात, साडेआठला परत. मेमध्ये त्यानंतर उन्हात हिंडून पक्षीही मिळत नाही आणि डोकंही दुखतं. दिसलेला, ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळा-साळुंकीसकट. सगळे लिहिलेत तरच जो लिहिलेला नाही तो नव्हता असं म्हणता येतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना 'पूर्ण यादी' असा जो पर्याय असतो त्याचा अर्थ हाच. भारतात स्थलांतराच्या पहिल्या-शेवटच्या तारखा लोकांकडून गोळा करायचा मायग्रंटवॉच हा उपक्रम २००७ मध्ये सुरू झाला होता; पुढं त्या नोंदी ई-बर्डात गेल्या. म्हणजे तुमच्या वहीतली 'नव्हता' ही ओळही तिथं वाया जात नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर एकाच दिवशी याद्या टाकायचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी आपली नेहमीचीच वाट करा. मित्रमंडळी जीप काढून चोर्ल्याला निघतील, त्यांना जाऊ द्या.

तारखेबरोबर तीन गोष्टी लिहा: आदल्या दिवशी वळीव पडला का, वारा कुठला, आणि शिवार कसं आहे (कोरडं, नांगरलेलं, पाणी सोडलेलं). आपल्याकडं पावसाच्या नक्षत्रांचा हिशेब घराघरात असतो, तो वापरा. अश्विनी १३-१४ एप्रिलच्या सुमारास लागते, भरणी २७ एप्रिलच्या, कृत्तिका ११ मेच्या, रोहिणी २५ मेच्या आणि मृग ७-८ जूनला. पंधरवड्याची ही आयती चौकट आहे. वहीत एका पानाला एक नक्षत्र दिलंत की पुढच्या वर्षी ताडून बघणं सोपं जातं.

पाणथळींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मेमध्ये खरी गर्दी तिथंच असते. राकसकोप जलाशयाची पातळी आपल्याकडं वर्तमानपत्रात छापून येते. पूर्ण पातळी २४७५ फूट. लोक ती पिण्याच्या पाण्याच्या काळजीनं वाचतात. तुम्ही ती चिखलाच्या हिशेबानं वाचा. पाणी जितकं उतरेल तितकी काठाची ओली पट्टी रुंद होते आणि तुताऱ्या, टिलवे हे चिखलात चरणारे पक्षी तिथं उतरतात. हिडकलचा जलाशय याहून कितीतरी मोठा. त्याचं पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं, माणसं ते बघायला जातात. त्या उघड्या पडलेल्या गाळाच्या पसाऱ्यावर दुर्बीण फिरवलीत तर एप्रिलअखेर ठिपकेवाल्या तुताऱ्या, छोटे टिलवे, एखादा मळगुजा मिळू शकतो. हिवाळ्यात राखी-पांढरे दिसणारे हे पक्षी आता विणीच्या पिसाऱ्यात येत असतात. टिलव्याच्या पाठीवर गंजासारखा तांबूस रंग चढतो, मळगुज्याची मान विटकरी होते, ठिपकेवाल्या तुतारीची पाठ खडीचं काम केल्यासारखी उठून दिसते. एकाच थव्यात अर्धवट रंगलेले आणि पूर्ण रंगलेले दोन्ही मिळतात. पूर्ण रंगलेले आधी जातात.

मेच्या मध्यानंतरही काही पाणपक्षी राखीच राहिलेले दिसले तर चक्रावू नका. लांब पल्ल्याच्या पाणपक्ष्यांतली पहिल्या वर्षाची पोरं कित्येकदा उत्तरेला जातच नाहीत, उन्हाळा इथंच काढतात. त्यांच्यावर 'उशिरा निघालेला' असा शिक्का मारू नका. पिसारा कसा होता तेवढं लिहा.

याच गाळावर आणि उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय, छोटा आर्ली आणि टिटवी यांची अंडी असतात, आणि ती खड्यांत खडा अशी मिसळून गेलेली असतात. भर उन्हात आई-बाप अंड्यांवर सावली धरून उभे राहतात, पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवतात. आपण फोटोसाठी जवळ गेलो की ते उठतात, आणि मेच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळात वाया जातात. सुरय डोक्यावर येऊन ओरडायला लागला की तुम्ही आधीच फार जवळ गेलेले असता. आल्या वाटेनं मागं फिरा. शिवाय वरून वाळलेला गाळ आतून कधी कधी मांडीपर्यंत मऊ असतो, तेव्हा काठावरूनच बघावं हे उत्तम. जिथं जलाशयाच्या हद्दीत जायला बंदी आहे तिथं रस्त्यावरून.

आता वाटसरू. म्हणजे इथं राहायचं नाही, नुसतं जाता जाता टेकायचं. त्यांत नवरंग पहिला. हिवाळ्यात तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, विणीला मध्य भारत, हिमालयाचा पायथा आणि पश्चिम घाटाच्या काही भागात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये आपल्यावरून त्याची ये-जा होतेच. रात्रीचा प्रवास, त्यात वळवाचं वादळ आलं की दमून जिथं जागा मिळेल तिथं उतरतो. शहरातल्या बागेत, शाळेच्या आवारात, कुणाच्या परसात आंब्याखालच्या पाचोळ्यात उड्या मारत, पानं उलटून किडे टिपताना सापडतो तो असाच. सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिन्हीसांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. म्हणून आदल्या रात्री विजा-वारा झाला असेल तर दुसऱ्या दिवशी तुमच्या वाटेवरचा जुन्या झाडांचा थांबा आधी करा. वर बघू नका, खाली पाचोळ्यात बघा.

नवरंग आणि तिबोटी खंड्या हे दोन्ही रात्री दिव्यांच्या उजेडात भांबावून काचेवर आपटतात, घरातही शिरतात. असा पक्षी सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, आत जुनं फडकं घालून अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. मोबाईलवर फोटो काढायला गल्ली गोळा करू नका. बहुतेक पक्षी तास-दोन तासांत सावरतात. सावरला की जवळच्या झाडोऱ्यात सोडा. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर वनखात्याला कळवा.

पहिल्या वळवाच्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट चुकवू नका. जमीन भिजली की वारुळातून वाळवीचे पंखवाले किडे उठतात. त्यावर पाकोळ्या, कोतवाल, वेडे राघू, घारी, राहिलेल्या माळभिंगऱ्या, सगळे एकाच जागी जमतात. एरवी आकाशात विखुरलेले पक्षी त्या अर्ध्या तासात मोजून होतात.

आता येणारे. त्यांच्यासाठी पश्चिमेला जायला हवं. पण इथं एक मोठी गफलत होते, ती आधी सांगतो. आवाज सुरू झाला म्हणजे पक्षी आला, असं नाही. पावशा हिवाळ्यातही इथंच असतो, फक्त मुका. चैत्रापासून 'पेरते व्हा' सुरू करतो आणि लोक म्हणतात पावशा आला. कोकीळ तसाच. शीळकरी कस्तूरही घाटातलाच. मेअखेरीस ओढ्यावर त्याची माणसासारखी शीळ सुरू होते, आणि चोर्ल्याच्या वळणावर ती ऐकून नवखे लोक कुणी पोरगं शिट्ट्या मारतंय म्हणून मागं वळून बघतात. या सगळ्यांच्या पुढं 'पहिला आवाज' असं लिहा, 'पहिलं आगमन' नको. दोन वेगळे रकानेच करा.

जांबोटी-कणकुंबी रस्त्याला मेमध्ये करवंदं, जांभळं पिकतात आणि रानात सकाळी सहाला कान फाटेल इतका कल्लोळ असतो. नारिंगी डोक्याचा कस्तूर, हळद्या, स्वर्गीय नर्तक, मलबारी कर्णा. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. आत जायचं तर वनखात्याची परवानगी हवी, पण रस्त्याच्या कडेनंही भरपूर ऐकायला मिळतं. चोर्ला रस्त्यावर गाड्या भरधाव असतात, तेव्हा वळणावर उभं राहून दुर्बीण लावू नका. तिबोटी खंड्या मेअखेर-जूनमध्ये घाटाच्या पायथ्याकडच्या ओढ्यांवर विणीला येतो, मातीच्या कड्यात बीळ करतो. त्याच्या बिळासमोर तंबू ठोकून बसणाऱ्यांची संख्या अलीकडं पक्ष्यांपेक्षा जास्त झालीय, मला ते अजिबात आवडत नाही. एकदा बघावा आणि सरकावं. मोबाईलवर आवाज वाजवून नवरंग-खंड्याला बाहेर काढणंही तसंच. विणीच्या काळात तो पक्षी आपला मुलूख राखायला धावून येतो, आणि आपण त्याला फुकट दमवतो.

आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगणाऱ्या मर्लिन ॲपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वापरत असणारच. शिवारात ते बऱ्यापैकी चालतं. रानात जपून. भृंगराज आणि हरेवा दोघेही दुसऱ्यांच्या नकला करतात, आणि ॲप ती नक्कल खरी मानून मूळ पक्ष्याचं नाव देतं. ॲपनं नाव सांगितलं की तो पक्षी डोळ्यांनी शोधा. नाही सापडला तर यादीत घालू नका, वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवा. दुर्बीण ८×४२ ची पुरते. कॅमेरा असला तर उत्तम, नसला तर वही जास्त भरते.

शेवटी चातक, कारण बेळगावात त्याचं कोडं खास आहे. रोहिणी-मृगाच्या आसपास, शेतात धूळवाफ पेरणी चालू असते तेव्हा, तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर काळा-पांढरा, शेंडीवाला पक्षी दिसतो आणि सगळे म्हणतात पाऊस आला. उत्तर आणि मध्य भारतात येणारे चातक मॉन्सूनच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात. दक्षिण भारतात मात्र थोड्या लहान चणीचे चातक वर्षभर राहणारे आहेत. आपण दोन्हींच्या मध्ये. तारेवरचा चातक दुरून आलाय की जवळून, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून त्याची पहिली तारीख एकटी लिहून भागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्या भागात चातक दिसला होता का, नव्हता का, हे आधीच्या पानांवर असायला हवं. तुमच्या वाटेच्या सगळ्या याद्या पूर्ण असतील तर ते आपोआप असेल.

आणि वही जूनमध्ये बंद करू नका. सामान्य तुतारी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत नाल्यावर असते आणि जुलैअखेर-ऑगस्टमध्ये परत येते. भर पावसात, बळ्ळारी नाला दुथडी भरून वाहत असतानाच. रोप लावणीच्या दिवसांत बांधावरून शेपूट हलवत पळणारी तुतारी दिसली तर तिची तारीख लिहा, आणि मेमधल्या शेवटच्या तारखेशी वजाबाकी करून बघा.